आधी पाय गेले, मग दोर अडकला

फिजिओच्या मॅडम म्हणाल्या, तुम्ही लिहा. त्यांच्याकडं या आजाराची नवी माणसं येतात, भेदरलेली असतात, यातून गेलेल्या माणसाचं वाचलं तर त्यांना धीर येईल. मी बरा झालोय असं मला रोज वाटत नाही. सकाळी आंघोळ केली की पुन्हा आडवं व्हावं लागतं, एवढी ती अंगावर येते. शर्टाची वरची बटणं अजून बायको लावते. हे सगळं मोबाईलवर एका बोटानं लिहितोय आणि थोडं लिहून झालं की हात मांडीवर टाकून बसतोय. कुठं तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

मला झालेल्या आजाराचं नाव जीबीएस. अंगाची राखण करणारी ताकद उलटते आणि आपल्याच नसांवर धावून जाते, एवढं मला कळलंय. बाकीचं डॉक्टर सांगतील. मला सांगायचंय ते जरा वेगळं आहे. मी पडून होतो तेव्हा माझ्या पायांबद्दल गावात एक खोटी गोष्ट पसरली. कुणी मुद्दाम पसरवली नव्हती. पण तिच्यापायी एका चांगल्या माणसाचं नाव खराब झालं आणि आणखी कुणीतरी मरायची वेळ आली होती. खरं काय ते मला माहीत होतं आणि मला बोलता येत नव्हतं.

डबा

मी संपत, पलूसजवळच्या गावचा. आमची टाक्या साफ करणाऱ्यांची टोळी आहे. साखर कारखान्यांचं गाळप संपलं की रसाच्या आणि मळीच्या मोठमोठ्या टाक्या आतून खरवडून धुवाव्या लागतात. हंगाम सुरू व्हायच्या आधी पुन्हा एकदा. टाकीच्या डोक्यावर एक गोल तोंड असतं, माणूस कसाबसा मावेल एवढं. त्यातून शिडीनं आत उतरायचं. आत अंधार, आंबूस वास आणि कधीकधी डोळ्यांना न दिसणारा वायू. त्या वायूनं माणूस बोलता बोलता खाली बसतो. वरचा त्याला काढायला उतरतो, तोही बसतो. जालिंदरचा सख्खा चुलता असाच गेला होता, दुसऱ्याला काढायला उतरून.

जालिंदर माझा जोडीदार. मी आत, तो वर तोंडापाशी, अशी आमची कामाची वाटणी. शाळेपासूनची दोस्ती. माझ्या लग्नात माझ्यापेक्षा जास्त तोच मिरवला होता. माझी बायको वैशाली त्याला भावजी म्हणायची, आणि आमच्यात भांडण झालं की माझी तक्रार पहिली त्याच्याकडं जायची.

पूर्वी आम्ही कमरेला दोर बांधून उतरायचो. मग आमचे मुकादम तात्या यांच्या मागं लागून लागून जालिंदरनं डबा आणवला. टाकीच्या तोंडावर तीन पायांचा स्टँड उभा करायचा आणि त्याला हा डबा लटकवायचा. डब्यात बारीक पोलादी दोर गुंडाळलेला असतो. दोराचं टोक आपल्या अंगात घातलेल्या, खांद्यांवरून आणि मांड्यांतून घेतलेल्या पट्ट्यांना पाठीवर अडकवायचं. आपण खाली गेलो की दोर सुटत जातो, वर आलो की आपला आपण गुंडाळतो. एकदम हिसका बसला, म्हणजे माणूस पडला, की गाडीतल्या सीटबेल्टसारखा जागेवर अडकतो. आणि डब्याच्या कडेला एक दुमडलेलं हँडल असतं. ते बाहेर ओढून फिरवलं की लोंबकळणारा माणूस वर येतो. वरच्यानं आत उतरायचं काही कारणच नाही. जालिंदरचा जीव होता त्या हँडलवर. रोज सकाळी फडक्यानं पुसायचा, आणि आम्ही त्याची थट्टा करायचो की बायकोचं तोंड तरी एवढ्या मायेनं कधी पुसलंस का.

टोळीत मात्र हँडलनं वर येणं कमीपणाचं मानायचे. सरावापुरता कुणाला वर काढला तरी सगळे ओरडायचे, बादली आली, बादली आली. आणि बादलीनं सगळ्यांना भेळ द्यायची, असा आमचा रिवाज. त्यामुळं कितीही दमला तरी जो तो शिडीनंच वर यायचा.

शिडीवर

उन्हाळा होता, गाळप संपलं होतं. आदल्या आठवड्यात माझं पोट बिघडून बरं झालं होतं. त्यानंतर पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. वैशालीला म्हणालो, बूट आवळतोय वाटतं. ती म्हणाली, मोठा घ्या मग. विषय तिथंच संपला, आणि खरं सांगायचं तर त्यात आणखी बोलण्यासारखं काही होतं असं आजही वाटत नाही. मुंग्या कुणाला येत नाहीत?

त्या दिवशी काम उरकून वर यायला निघालो. निम्म्या शिडीवर उजवा पाय पायरीवर ठेवला आणि भार दिला, तर पायात काहीच नव्हतं. डावा टाकला, तोही तसाच. हातांनी शिडी धरून लोंबकळलो. मग हात सुटले. हे मी मुद्दाम सावकाश सांगतोय. आधी पाय गेले. मग हात सुटले. मग दोर अडकला.

पडलो असेन हातभर. पाठीवर हिसका बसला आणि मी अधांतरी राहिलो. वरच्या गोल उजेडात जालिंदरचं डोकं दिसलं.

"संप्या, शिडी धर."

पाय न्हाईत रं, असं मी ओरडलो. टाकीत आवाज असा घुमतो की वरच्याला नुसता गलका ऐकू जातो. त्याला वाटलं वायू लागला. त्यानं हँडल ओढलं आणि फिरवायला लागला. मी चांगला भरलेला गडी, तो किडकिडीत. मांड्यांत पट्टे रुतत होते, जीव नकोसा झाला, पण मी वर आलो. कुणी बादली म्हणालं नाही.

पारवा

कारखान्याच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, थोडं बरं वाटलं, घरी जाऊन पडा म्हणाले. घरी पडलो तो पडलोच. दुसऱ्या दिवशी उठून बसता येईना. थोरल्या भावानं, अण्णानं, मला उचलून परसात नेलं. आमच्याकडं अंग लुळं पडलं की वारं गेलं म्हणतात, आणि वारं गेलं की पारव्याचं मटण खायला घालतात. आष्ट्याहून मामेसासरे एक पारवा घेऊन आले, पिशवीत घालून, एसटीनं. त्याचा रस्सा केला. मला गिळायला जड जात होतं, ठसका लागला, रस्सा नाकात गेला. सगळे म्हणाले, तिखट जास्त झालं.

वैशाली अंगाला तेल लावायला बसली तेव्हा तिनं मांड्या बघितल्या. पट्टे रुतले होते तिथं काळेनिळे वळ उठले होते, पट्ट्याएवढे रुंद. तिनं अण्णाला बोलावून दाखवले.

"अण्णा, हे बघा. हितनंच खाली पाय गेल्यात."

अण्णानं बोटानं दाबून बघितलं. मला काही जाणवलं नाही. "नस दाबली," तो म्हणाला. "त्या डब्यानं दाबली. आन् जाल्यानं वरनं दणादणा वडलं आसंल."

बोलून चालून वळ डोळ्यांना दिसत होता आणि मुंग्या कुणालाच दिसत नव्हत्या. मी म्हणालो, न्हाई, आधीच गेलं हुतं. पण तोवर माझी जीभही जड झाली होती आणि ते बोलणं कुणापर्यंत पोचलं नाही. दुपारी धाप लागायला लागली, तेव्हा शेजाऱ्यांच्या गाडीत घालून मला मिरजेला नेलं.

हातोडी

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी छोट्या रबरी हातोडीनं गुडघ्यावर टकटक केलं. पाय ढिम्म. कोपरावर केलं, तिथंही काही नाही. त्यांचा चेहरा बदलला ते मी पाहिलं. आपल्या अंगात काय झालंय हे दुसऱ्याच्या चेहऱ्यावर आधी कळतं, आणि त्यासारखं वाईट काही नाही.

"मुंग्या कधीपासून होत्या?" त्यांनी विचारलं.

"पडायच्या आदीपास्नं," मी म्हणालो. हे वाक्य मी सुटं सुटं बोललो. त्यानंतर फार दिवस मी काही बोललो नाही.

त्यांनी अण्णाला बाजूला घेऊन सांगितलं. पडण्याचा, पट्ट्याचा याच्याशी संबंध नाही. पोट बिघडल्यानंतर कधीकधी हा आजार होतो. आज वेळेवर आलात, उद्या श्वास बंद पडला असता. बहुतेक लोक बरे होतात, पण महिने लागतात. अण्णानं मान हलवली आणि विचारलं, "आन् ते काळंनिळं?"

"ते आपोआप जाईल. त्याची काळजी करू नका."

माझी खाट आयसीयूकडं ढकलत नेत होते तेव्हा अण्णा वैशालीला हळूच म्हणाला, "झाकत्यात. कारखान्यानं सांगितलं आसंल फोन करून." अण्णा वाईट माणूस नाही. त्यानं महिनाभर त्या दवाखान्याच्या पायरीवर भाकरी खाल्ली. पण आपल्या माणसाच्या अंगावरचा वळ खोटा कसा म्हणायचा, हे त्याला जमलं नाही.

पापणी

श्वासाच्या यंत्राची नळी घशात घातली, मग काही दिवसांनी गळ्याला भोक पाडून तिथून घातली. हात गेले, मान गेली, चेहरा गेला. पापण्या तेवढ्या अर्ध्यामुर्ध्या हलायच्या. पण ऐकू सगळं यायचं, आणि डोकं अगदी स्वच्छ होतं. नव्या पेशंटच्या घरच्यांना मला एवढंच सांगायचंय की तो ऐकतोय. त्याच्या खाटेपाशी उभं राहून त्याच्याबद्दल बोलू नका, त्याच्याशी बोला.

भीती कसली वाटायची? मरणाची नाही, त्याची सवय होते. यंत्राची नळी निसटेल आणि मला हाक मारता येणार नाही, याची. दिवसभर ते यंत्र फुसफुसायचं आणि मी त्याच्यावर पहारा ठेवून असायचो. फार थकवणारी नोकरी होती ती.

सरोज सिस्टर होत्या म्हणून दिवस गेले. त्या मिरजेच्याच. डोळे पूर्ण मिटत नव्हते म्हणून त्यात थेंब घालायच्या, कापसानं ओठ ओले करायच्या, आणि हात चालू असताना घरी काय भाजी केली ते सांगायच्या. "आज दोडका केलाय, पोरं तोंड वाकडं करणार." मला दोडका आवडत नाही. पण त्या दिवसांत ती भाजी ऐकून बरं वाटायचं. त्यांनीच पापणीचं ठरवलं. एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही.

त्यात एक अडचण होती. विचारणाऱ्यानं बरोबर प्रश्न विचारला तरच उत्तर देता येतं. पाणी हवंय? कूस बदलू? दुखतंय? पंखा लावू? सगळे हेच विचारायचे. तुझे पाय आधी गेले का दोर आधी अडकला, हे विचारायचं कुणाच्या मनात येणार?

एके दिवशी भेटीच्या वेळेत अण्णा आणि वैशाली माझ्या दोन्ही बाजूंना उभे होते. त्यांच्या बोलण्यातून मला सगळं कळलं. जालिंदर दवाखान्यात आला होता. वैशालीनं त्याला जिन्यातच अडवलं.

"त्या माणसाला म्या सांगितलं," वैशाली अण्णाला सांगत होती, "माझ्या माणसाची कंबर मोडलीसा तुमी, परत तोंड दावू नगा. खाली मान घालून गेला."

त्या माणसाला. भावजी नाही.

"टोळीतबी त्येला कोण इचारत न्हाई," अण्णा म्हणाला. "गेला म्हणं साताऱ्याकडं, ट्रॅक्टरच्या वर्कशॉपात. तात्यानं तो डबा पोत्यात घालून माळ्यावर टाकलाय. आता पहिल्यासारखा कमरंला दोर. हंगामाच्या आदी टाक्या धुवायच्या तवा संपतच्या जागी मी उतरणार हाय. घर चालाया पायजे."

मी पापणी दोनदा मिटली. पुन्हा दोनदा. पुन्हा. जेवढी ताकद होती ती सगळी पापणीत आणली. अण्णाचं लक्ष गेलं.

"सिस्टर, ह्येला लय दुखतंय बगा. कायतरी द्या की."

सिस्टरनी विचारलं, दुखतंय का दादा? मी दोनदा मिटली. पण तोवर डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, आणि पाण्यापुढं पापणीचं कोण ऐकतं? त्यांनी इंजेक्शन दिलं. मी झोपलो. अण्णा कमरेला दोर बांधून त्या अंधारात उतरणार, हे डोक्यात घेऊन मी शांत झोपलो, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

पहिला शब्द

पावसाळा अर्धा संपला तेव्हा गळ्यातलं भोक झाकून बोलता येतं का ते बघितलं. वैशाली समोर उभी होती. तिला वाटलं असेल, तिचं नाव घेईन. मी म्हणालो, "जालिंदर."

तिचा चेहरा उतरला. मग कठीण झाला. "नाव काडू नगा त्येचं."

"त्यानं... न्हाई... केलं."

"तुमी शुद्धीवर तरी हुता का? मी बघितल्यात त्या खुणा. माझ्या हातानं तेल लावलंय."

त्यावरून आमचं भांडण झालं. गळ्याला भोक असलेल्या माणसाशी भांडण म्हणजे काय, मी एक शब्द बोलायचो आणि ती दहा. शेवटी मी तोंड भिंतीकडं केलं. मान वळायला लागली होती, त्याचा पहिला उपयोग मी तो केला.

माझी बायको त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजीवर झोपत होती. माझी घाण काढत होती. तिचे केस त्या उन्हाळ्यात कानशिलावर पांढरे झाले. कुणावर तरी राग धरल्याशिवाय तिला उभं राहता येत नव्हतं, हे मला आता कळतं. तेव्हा मला तिचा संतापच आला होता. आजारपणात माणसं जवळ येतात असं म्हणतात. आमचं काही दिवस तसं झालं नाही, उगाच खोटं कशाला लिहू.

पुढं फिजिओ सुरू झालं. पट्ट्यांत घालून, एका उचलायच्या यंत्रानं मला खाटेवरून खुर्चीत ठेवायचे. पाय लोंबत, अंग गदगदत, मी हवेत. मनातल्या मनात म्हणायचो, बादली आली. एकदा मोठ्यानं म्हणालो, तर मॅडमनी विचारलं, कसली बादली? मी त्यांना डब्याचं सगळं सांगितलं. पहिल्यांदा कुणीतरी ते शेवटपर्यंत ऐकलं. त्यांनी त्यांच्या फोनवरून मला जालिंदरला लावून दिला.

 त्यानं विचारलं, "संप्या, मीच मोडलं का रं तुला?"

"न्हाई रं. पाय आदीच गेलं हुतं. शिडीवरच."

"खरं सांगतूस?"

"मी वरडलो हुतो. तुला कळलं न्हाई."

"मला वाटलं वायू लागला," तो म्हणाला. "आत उतराया पाय उचलला हुता गड्या मी. चुलता बी आसाच उतरला. मग हँडल दिसलं."  

सोमवार

वॉकर घेऊन घरी आलो तेव्हा ऊस तुऱ्यावर यायला लागला होता. दारातून परसापर्यंत जायचं म्हणजे एक मोहीम. जाऊन आलं की कॉटवर पडून छताकडं बघायचं. लोक भेटायला यायचे, मांड्यांकडं बघायचे. वळ केव्हाच गेले होते, पण सगळ्यांना ते ठाऊक होते.

एका संध्याकाळी अण्णा म्हणाला, सोमवारी मळीची टाकी उघडायचीय. मी त्याला सगळं सांगितलं. आधी पाय, मग हात, मग दोर. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि पाठीवर हात ठेवला.

"तू आराम कर. डॉक्टरांनी तुझ्या डोक्यात भरवलंय ते."

"डब्याबिगर उतरू नगंस, अण्णा."

"डब्यानं तुझी ही दशा झाली, आन् मी त्योच बांधू व्हय?"

त्याला बोलून पटणार नव्हतं. ज्यानं वळ बघितलाय त्याला वळच दाखवला पाहिजे, असं मला पडल्या पडल्या सुचलं. मी फिजिओच्या मॅडमना फोन केला. पट्ट्यात थोडा वेळ लटकलो तर चालेल का, असं विचारलं.  त्या म्हणाल्या, अगदी थोडा वेळ, कुणीतरी पाय धरायचे, चक्कर आली की लगेच खाली, आणि हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही.

मी फोन केला तसा जालिंदर साताऱ्याहून आला. आधी त्यानं तात्यांकडून पोतं मागून घेतलं आणि डबा विकणाऱ्या कंपनीच्या माणसाकडून तपासून आणला. एकदा हिसका खाल्लेला डबा तसाच वापरायचा नसतो, एवढं तो लोकांनी तोडल्यावरही विसरला नव्हता. रविवारी सकाळी टोळीच्या शेडमध्ये सगळे जमले. मला खुर्चीवरून उचलून नेलं. वैशाली येणार नव्हती, पण मला एकट्याला सोडणारही नव्हती, म्हणून आली आणि दारापाशी हाताची घडी घालून उभी राहिली.

"हे काय खूळ काडलंस?" तात्या म्हणाले.

मी म्हणालो, "तात्या, आदी माझं पाय बगा." वॉकर धरला आणि शेडच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेलो. कसा, ते विचारू नका. घामानं निथळलो. परत खुर्चीत बसलो. "आता मला डब्याला बांधा."

स्टँड उभा केला. पट्टे चढवले, मांड्यांतले पट्टे मी मुद्दाम त्या दिवशीसारखेच करकचून आवळायला लावले. दोर पाठीला अडकवला. अण्णानं पाय धरले, त्याचं तोंड रागानं लाल झालं होतं. मी म्हणालो, "जालिंदर, घे वर."

जालिंदरनं हँडल ओढलं. त्यावर हात ठेवला. आणि हात तसाच राहिला.  सगळे बघत होते. मला वाटलं, संपलं. हा आता हँडल सोडून निघून जाणार, आणि उद्या अण्णा दोर बांधून उतरणार.

दारातून वैशालीचा आवाज आला. "फिरवा की. दमानं."

त्यानं फिरवलं. खुर्चीवरून मी वर निघालो, पट्टे मांड्यांत रुतले, तेच दुखणं, तसंच. अण्णाच्या कमरेएवढा वर गेलो. थोडा वेळ तसाच राहिलो, डोळ्यांपुढं काजवे यायला लागले तेव्हा हात केला. जालिंदरनं मला खुर्चीत उतरवलं, अलगद, अंड्यासारखं. वैशालीनं तोंडाला पाणी लावलं.

श्वास सावरला तेव्हा लेंगा मांडीपर्यंत सरकवला. दोन्ही मांड्यांवर लालबुंद वळ उठले होते, पट्ट्याएवढे रुंद. थोड्या वेळानं काळे पडणारे. वैशालीनं वाकून बघितले. अण्णानंही बघितले.

"त्येच हायत न्हवं?" मी विचारलं.

"त्येच," वैशाली म्हणाली.

मग मी वॉकर मागितला, उठलो, आणि ते वळ घेऊन त्या भिंतीपर्यंत पुन्हा चाललो. पहिल्यापेक्षा हळू, मध्ये थांबत, पण चाललो. परत यायला जमलं नाही. तिथंच भिंतीला टेकून खाली बसलो आणि अण्णानं येऊन मला उचललं.  त्याची हनुवटी माझ्या खांद्यावर हलत होती.

मागून तात्यांचा आवाज आला. "बादली झालाय त्यो. भेळ आणाया सांगा कुणालातरी."

सोमवारी सकाळी अण्णा डब्यासकट कारखान्यावर गेला. मला उठवत नव्हतं. आदल्या दिवसाचं सगळं अंगावर आलं होतं, मांड्या ठणकत होत्या, चमचा हातात धरवत नव्हता. मी कॉटवर पडून कारखान्याच्या दिशेला कान लावून होतो. तिकडचं इथं काही ऐकू येत नाही, तरी लावून होतो. वैशालीनं स्वयंपाक केला, भांडी घासली, धुणं वाळत टाकलं.  दुपार कलली तेव्हा तिचा फोन वाजला. ती परसात गेली, बोलली, आणि आत येऊन फोन माझ्या कानाला धरला, कारण मला तो धरवत नव्हता.

"अण्णा वर आल्यात," ती म्हणाली. "घ्या, बोला. भावजी हायत."